शेडमधली जागा

मी एक जुनी शिडाची होडी आहे, अंगाने लाकडी आणि स्वभावाने खुनशी. मित्रांनो, वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही पुष्कळ वाचली असतील. त्यातल्या वस्तू सगळं सोसतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

मला एका औषधांच्या दुकानदाराने स्वतःच्या हातांनी बांधलं, दुकानामागच्या खोलीत, खोकल्याच्या औषधांची खोकी बाजूला सारून. माझं शीड त्याच्या धाकट्या बहिणीने शिवलं. तिचं शिवणाचं दुकान शेजारीच होतं. तळ्यावरच्या क्लबात दर रविवारी हौशी लोकांच्या शर्यती चालत. त्या हा जिंकायचा. म्हणजे जिंकायचे मी, मिरवायचा हा. लोक त्याला कप्तान म्हणू लागले. "हिच्यासारखी होडी होणे नाही," म्हणत तो मला थोपटायचा आणि मी वेडी विरघळून जायचे.

मग त्याने फायबरची पांढरी होडी घेतली आणि मला क्लबाच्या शेडमागे उताणी टाकून दिलं. मित्रांनो, माझ्यासारख्या होडीच्या तळाला मागच्या बाजूला एक भोक असतं. काठावर असताना त्याचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. पाण्यात उतरताना ते घट्ट बसवायचं. कप्तानने बूच काढण्याचेही कष्ट घेतले नाहीत. माझ्या पोटात पाणी साचलं, शेवाळ धरलं, बेडकांनी संसार थाटले. फळ्या कुजू लागल्या. तो मात्र शीळ घालत शेजारून जायचा, पण मान वळवून बघेल तर शपथ. हे मी विसरायचं?

शेवटी धाकटीला राहवलं नाही. "दादा, ही मी नेऊ का?" तिने विचारलं.

"ने की. जाळायला होईल," तो म्हणाला.

तिने मला घासलं, कुजक्या फळ्या बदलल्या, रंग दिला आणि पुन्हा शर्यतीत उतरवलं. ती नवशिकी, मी थकलेली, त्यामुळे हंगामभर आमचा नंबर शेवटचा आणि पांढरीतल्या कप्तानचा पहिला. पण बूच ती कधी विसरली नाही. काठावर आल्यावर काढायची आणि सुकाणूपाशी दोरीला टांगून ठेवायची.

हंगाम संपत आला तशी मी शेडमधल्या जागा मोजू लागले. शेड लहान, होड्या एकीने जास्त. पावसाळ्यात एकीला उघड्यावर राहावं लागणार होतं. "म्हातारी राहील बाहेर," कप्तानने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. आणखी एक पावसाळा बाहेर काढला असता तर माझा भुगाच झाला असता. धाकटीच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

आमच्या क्लबाची रीत अशी की शेवटची शर्यत जो जिंकेल तो शेडमधल्या जागा वाटतो. आणि त्या शर्यतीत हंगामातला पहिला आणि शेवटचा होड्यांची अदलाबदल करतात. बसेल त्यानेच होडी सज्ज करायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. कप्तान हसला. "फुटक्या टोपलीत बसवा, तरी मीच जिंकेन."

त्याच्या पांढरीला बूच नाही. आत आलेलं पाणी आपोआप वाहून जातं. त्यामुळे त्याची सवय गेलेली. माझं बूच त्याच्या गुडघ्यापाशी लोंबत होतं आणि हा शीड ताणण्यात दंग. धाकटीने ते पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार. तिने ओठ घट्ट मिटले आणि पांढरीत जाऊन बसली. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

पंचकाकांची शिट्टी झाली. वळायची जागा दाखवणाऱ्या पहिल्या पिवळ्या तरंगत्या गोळ्यापर्यंत मी त्याला सगळ्यांच्या पुढे ठेवलं, मुद्दाम. पडायचं तर उंचावरून पडावं. आतून मी घोट घोट पाणी पीत होते. बूट भिजले तेव्हा त्याला वाटलं, लाटेचे शिंतोडे असतील. मग पाणी पोटरीला लागलं आणि मी फतकल मारून खाली बसले. तिथे छातीभरच पाणी होतं, बुडायची भीती नव्हती. अब्रूचं मात्र काही सांगता येत नव्हतं.

"कप्तान, न्यायला येऊ का?" काठावरून पंचकाकांनी विचारलं.

"नको, उभा आहे मी."

तेवढ्यात धाकटी पांढरीतून जवळ आली. कप्तानला तरंगणारं बूच आत्ता दिसलं होतं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बसेल त्याने बूच बघायचं, हे तूच शिकवलंस, दादा. वारा चांगला आहे, निघते मी."

ती पहिली आली. शेडमधली भिंतीलगतची कोरडी जागा तिने मला दिली. पांढरी बाहेर गेली. बुडवेल त्यानेच होडी कोरडी करायची, हाही क्लबाचा नियम. कप्तान गुडघ्यांवर बसून फडक्याने माझं पोट पुसत होता. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावरून त्याचा हात फिरला आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तरीही मी एका फळीच्या फटीत थोडं पाणी धरून ठेवलं होतं. तो पुसून उठला की मी ते हळूच सोडायचे आणि तो पुन्हा गुडघ्यांवर बसायचा.

मित्रांनो, आपल्या वस्तूंची निगा राखा. प्रेमाने जमत नसेल तर भीतीने राखा.