खुराड्याच्या अलीकडे

दुपारच्या शांततेत ओट्यावरचा मोबाइल टिंगकन वाजला. ‘वेलकम टू आयर्लंड.’ मी उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीत, म्हणजे यूकेतच, आमच्या स्वयंपाकघरात कुकर लावत होते. खिडकीपाशी ठेवला की आमचा फोन देश बदलतो. आम्हाला ते जमत नाही. त्याला आयरिश व्हिसा लागतो, आणि आमचे पासपोर्ट यूकेच्या व्हिसाच्या मुदतवाढीसाठी होम ऑफिसला गेलेत.

इथल्या लोकांसाठी बॉर्डर म्हणजे पेट्रोल स्वस्त मिळतं ती जागा. मला त्याचं नवल नाही. मी निपाणीची. राहायचो कर्नाटकात, लग्नाचा बस्ता मात्र कोल्हापुरात. बॉर्डर भाषणात असायची, रस्त्यात आडवी यायची नाही.

माझ्या मुलीच्या, तनूच्या मैत्रिणीचा, इफाचा, वाढदिवस पलीकडे तिच्या आजीकडे होता. तिची आई शिवॉन म्हणाली, “अगं मंजिरी, गाडीने पाच मिनिटं. कोण बघतंय?”

“तिला कोणी बघत नाही. आपल्याला बघतात,” माझा नवरा अजय घरी म्हणाला. “एक्स्टेंशन अडकलं तर? बॅगा भरायच्या?”

मी तनूचा पिवळा फ्रॉक कपाटात ठेवला. तिने तो पुन्हा बाहेर टांगला. मी पुन्हा आत ठेवला. असं आठवडाभर चाललं. भांडण कोणीच केलं नाही, हे जास्त वाईट.

मग शिवॉनचा फोन आला. “आईचं घर तिकडे, पण कोंबड्यांचं खुराडं तुमच्या बाजूला आहे. पार्टी तिथेच करू.”

केक आला, फुगे आले, आजी खुर्ची घेऊन आल्या. “माझ्या कोंबड्या ब्रिटिश,” त्या म्हणाल्या. “अंडी मात्र आम्ही तिकडे खातो.” परसात एक ओहोळ, त्यावर फळी. फळीपर्यंत यूके. मी फळीकडे पाठ करून बसले. अजयने फोनवर दोनदा विचारलं, “अलीकडेच आहात ना?”

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात तनू म्हणाली, “आई, शू.”

बाथरूम आयर्लंडमध्ये होतं.

मी खुराड्यामागे बघितलं. तिथे इफाचे काका सिगरेट ओढत होते. तनू पाय आवळून उभी.

“शू आहे गं, आक्रमण नाही,” म्हणत शिवॉनने तिचा हात धरला. मी माझ्या हातातला तिचा दुसरा हात सोडला. दोघी फळीवरून गेल्या. मी नसलेल्या देशात माझी मुलगी पहिल्यांदाच गेली होती. आजींनी मला आणखी केक वाढला. मी तो हातात धरून दाराकडे बघत राहिले. एक कोंबडी फळीवरून तिकडे गेली, काही न सुचून परत आली.

तनू पळत आली. ओले हात माझ्या कुर्त्याला पुसले, आणि माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत तिने विचारलं,

“आई, तिकडे पण सेम साबण आहे. मग तू कशाला घाबरलीस?”