दोन्या इस्मेनियाच्या फ्रीजरमधली जागा

डोंगरातल्या मेरिदा शहरात वीज गेली की सगळ्या विद्यापीठाला सुट्टी मिळे आणि जैवतंत्रज्ञानाच्या पोरांची मात्र पळापळ सुरू होई. वर्ष-दोन वर्षं खपून गोळा केलेले नमुने प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये, आणि विभागाचा जनरेटर इतका जुना आजारी की त्याच्यावर कुणीतरी जिरेनियमची कुंडी ठेवली होती. मग ज्याने त्याने आपली सोय लावलेली. कुणाचा डबा खाटकाकडे जाई, कुणाचा मासळीवाल्याकडे. योस्मार आणि मारिएल्बा यांचे डबे उतारावरच्या दोन्या इस्मेनियाच्या, म्हणजे इस्मेनियाबाईच्या, आइस्क्रीमच्या दुकानात जात. दोन्याकडे चालू जनरेटर होता आणि तिचा मारिएल्बावर जीव होता.

मागच्या खेपेला दोन्याचा फ्रीजर गच्च भरलेला होता. मारिएल्बाने काही न विचारता नारळाच्या आइस्क्रीमचं अख्खं पातेलं बाहेर ओढलं, गल्लीतल्या पोरांना हाका मारल्या आणि सगळ्यांच्या हातात चमचे दिले. “विज्ञानासाठी खा रे,” ती म्हणाली. दोन्या तोंडाने शिव्या देत होती आणि स्वतःही खात होती. पातेलं रिकामं झालं, दोन्ही डबे आत बसले. योस्मारचे दात मात्र चांगलेच ठणकले.

या खेपेला मारिएल्बा वरच्या खोऱ्यात आईकडे गेली होती. जाताना तिने प्रयोगशाळेतल्या आपल्या कप्प्याच्या कुलपाची किल्ली योस्मारच्या हातात दिली. “वीज गेली तर माझी बेडकं तुझ्या हवाली. तुझ्या दारूच्या आधी त्यांना उचल.”

दारू म्हणजे योस्मारचा एम.एस्सी.चा प्रबंध. मक्याची चिचा आंबवणारे जिवाणू कोणते, हे त्यांच्या डीएनएवरून तो शोधत होता. मारिएल्बाच्या डब्यात होते कापसाचे बोळे, डोंगरमाथ्यावरच्या एका ओढ्यातल्या बेडकांच्या पाठीवरून फिरवलेले. आजूबाजूची बेडकं कातडीच्या बुरशीने पटापट मरत होती, या ओढ्यातली तेवढी तगली होती. त्यांना कोणते जिवाणू वाचवतात, ते तिला बघायचं होतं. पण गेल्या पावसाळ्यापासून त्या ओढ्यातही एकही बेडूक दिसला नव्हता. आता जे काही उरलं होतं ते त्या डब्यात. चिचा काय, दर शनिवारी बाजारात मिळायची.

हे सगळं योस्मारला पक्कं ठाऊक होतं. पण साओ पाउलोला त्याची पीएच.डी.ची जागा ठरली होती, आणि प्रबंध जूनमध्ये दिला नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. माणूस अशा वेळी स्वतःशी फार समजूतदारपणे बोलतो.

वीज गेली, फोनही गेले. तो दोन्ही डबे घेऊन उतार उतरला. दुकानात बर्फासाठी झुंबड उडालेली. दोन्याने गर्दीतूनच फ्रीजरकडे बोट केलं. “एकच बसेल बघ, पोरा. दुसऱ्याचं तू बघ काहीतरी.”

नारळाचं पातेलं काढू का, एवढंच विचारायचं होतं. त्याने विचारलं नाही. बोलणं काढलं तर आपलाच डबा मागे राहील, अशी धास्ती त्याला वाटली. त्याने आपला डबा आत सरकवला, “हा नंतर आणतो,” असं पुटपुटला आणि काढता पाय घेतला.

मारिएल्बाचा डबा त्याने पुन्हा प्रयोगशाळेच्या बंद फ्रीजरमध्ये ठेवला. दार उघडलं नाही तर थंडी टिकते, संध्याकाळपर्यंत वीज येईलच, असं त्याने मनाला बजावलं. वीज आली तेव्हा आठवडा होत आला होता. मधल्या दिवसांत तो दुकानावरून गेला, पण दोन्याने काही विचारू नये म्हणून पलीकडच्या बाजूने, मान खाली घालून.

मारिएल्बा बटाट्याच्या ट्रकमध्ये बसून परतली. तिने डबा उघडला, हुंगला आणि झाकण पुन्हा लावलं.

“दोन्याकडे नाही नेलास?”

“नेला होता. ती नाही म्हणाली. एकच घेतला.”

“दोन्या नाही म्हणाली? मला?”

“तुला कसं? तू कुठे होतीस?” तो म्हणाला. “गर्दी होती. खूप गर्दी होती गं.”

“आणि आत गेला तो तुझा.”

“माझं जूनमध्ये…”

“माहीत आहे तुझं जून,” ती म्हणाली.

ती भांडली असती तर योस्मारला बरं वाटलं असतं. पण तिने त्याच्या डीएनएच्या आकड्यांचा हिशेब करून द्यायचा शब्द दिला होता, कारण संगणकावर वर्गात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिने तो पाळला. वीज असेल तेव्हा ती त्याच्या शेजारी बसे, त्याच्या चुका काढी, “इतकं गाढव चिचा पिऊनच होता येतं,” असं जुन्या सवयीने म्हणे. त्याचं काम संपल्यावर तिने विद्यापीठातून नाव काढून घेतलं आणि चिलीला गेली. तिथे ती सुपरमार्केटमध्ये कामाला लागल्याचं कळलं.

योस्मारच्या प्रबंधाचं परीक्षकांनी कौतुक केलं. विशेषतः विश्लेषणाचं.

निघायच्या आदल्या दिवशी तो आपला डबा आणायला दोन्याकडे गेला. दुकान रिकामं होतं. दोन्याने हात पुसले आणि फ्रीजरचं झाकण उचललं. त्याच्या डब्याशेजारी एक कोपरा मोकळा होता. बर्फ खरवडून काढलेला, खाली स्वच्छ फडकं.

“हे काय?” त्याने विचारलं.

“तिची जागा. त्याच संध्याकाळी नारळाचं सगळं वाटून टाकलं मी. म्हटलं, तू पोरीची बेडकं घेऊन येशील. नंतर आणतो म्हणालास ना? अंधार पडेपर्यंत शटर उघडं ठेवलं होतं. तेव्हापासून कोपरा तसाच ठेवते. वीज काय, पुन्हा जाईलच.”

प्रयोगशाळेपासून दुकान पाच मिनिटांवर होतं. रोज तो इथूनच गेला होता.

“पण ती परत आलीच नाही बघ,” दोन्या म्हणाली. “चिलीला जाताना भेटलीसुद्धा नाही. समोरून गेली, मी हाक मारली, तरी थांबली नाही. माझं काय चुकलं रे, पोरा? तुला काही बोलली?”

तिने एका हाताने झाकण उचलून धरलं होतं आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“झाकण लावा, दोन्या,” तो म्हणाला. “थंडी जातेय.”