दादाची कंपनी तोडली तेव्हा

मुख्य कंपनीत सायबर सुरक्षेची जबाबदारी तिच्याकडे होती आणि हाताखाली देशोदेशींच्या उपकंपन्या. हाताखाली म्हणायचं एवढंच. ऐकत कोणीच नव्हतं. सगळ्यांत हट्टी होती रंगांची कंपनी, कारण ती तिच्या सख्ख्या भावाची. त्याने ती उभारली, याच मुख्य कंपनीला विकली आणि तिथेच व्यवस्थापक म्हणून राहिला.

"दादा, अख्ख्या कारखान्याला एकच पासवर्ड कसा चालेल?" ती फोनवर कळवळून विचारायची.

"छकुले, इथे रंग बनतात, गुपितं नाहीत," असं म्हणत तो विषय हसण्यावारी न्यायचा. तिने आपल्या साहेबांकडे तक्रार केली, तर ते म्हणाले, "घरातलं भांडण घरीच मिटवा."

एका सोमवारी सकाळी त्याच पासवर्डने कोणीतरी आत शिरलं. रंगांच्या कंपनीतल्या फायली भराभर कुलूपबंद होऊ लागल्या आणि घुसखोर पुढच्या कंपनीचं दार चाचपू लागला. तिने कोणालाही न विचारता भावाची कंपनी मुख्य नेटवर्कपासून तोडली. बाकीच्या वाचल्या. त्याची यंत्रं मात्र ठप्प झाली.

"निदान आधी एक फोन तरी करायचास!" तो ओरडला.

"वर्षभर करतेच आहे की, दादा!" तिचा आवाज चिरकला. त्याने फोन आपटला.

दुपारी तिने उरलेल्या व्यवस्थापकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. "आमच्याकडे कुठे काय झालंय?" पहिल्यानेच विचारलं. तिने कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून समजवायला घेतलं.