दोन भोकांचा पाय

आमचे हे, काळुराम, धाटावच्या एका केमिकल कंपनीत कामाला. टाकीच्या लोखंडी शिडीवर चढायचं, वरचं झाकण उघडून बघायचं, उतरायचं. पंच्याण्णव साली एक भरलेला ड्रम घरंगळत आला आणि ह्यांच्या उजव्या घोट्यावर आदळला. हाड जुळलं, पण सांधा बिघडला तो बिघडलाच. पाऊल टेकलं की डोळ्यांत पाणी यायचं.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या निडी गावच्याच जनूचा घोटा त्याच कंपनीत असाच गेला होता. त्याचं ऑपरेशन पाय फाडून झालं. आम्हाला मात्र मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं, आता हे दुर्बिणीतून होतं. बारीक भोकं पाडायची. जखम लहान, दुखणं कमी, घरी लवकर. "आतलं काम तेच," डॉक्टर म्हणाला. "झिजलेला सांधा खरवडायचा, दोन्ही हाडं स्क्रूने आवळून एक करायची. दुखायचं थांबेल. घोटा मात्र पुन्हा वाकणार नाही. फाडून करा नाहीतर दुर्बिणीतून, ते सारखंच."

मला जास्त समजवावं लागलं नाही. माझं माहेर जोह्याचं, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली मी. मूर्तीचा हात जोडताना दोन्ही बाजू आधी खरवडतात, मग दाबून धरतात. वाळलं की एकजीव. ज्याचा सांधा दिसत नाही तो खरा कारागीर, असं बाबा म्हणायचे. ह्या डॉक्टरचा हात तसाच होता. प्लास्टर निघालं तेव्हा घोट्यापुढे दोन ठिपके, डास चावल्यासारखे. मी मनातल्या मनात त्याला दंडवत घातला.

सपाट जमिनीवर हे झकास चालायचे. पण उकिडवं बसता येईना, चढावर पाय अडे, आणि शिडीवर तर पाऊल दांडा धरेचना. जनूला कंपनीने गेटवर बसून करायचं काम दिलं होतं. ह्यांनी तेच मागितलं. साहेबाने पाय दाखवायला बोलावलं.

आदल्या संध्याकाळी जनू घरी आला. पँट वर करून त्याने आपला वण दाखवला. नडगीपासून पावलापर्यंत, टाक्यांसकट, माशाच्या काट्यासारखा. "सायबान ह्यो बघितला न तोंड फिरवलान," जनू म्हणाला. "लगेच गेट दिला. तू पन जरा लंगड. पट्टी गुंडाळ. दाढी करू नको."

हे भडकले. "मी काय भीक मागायला चाललो हाय? पाय खरंच गेलाय ना माझा? मंग नाटक कशाला?"

सकाळी ह्यांनी दाढी केली, इस्त्रीची पँट घातली. आमच्याकडे साहेबापुढे जायचं म्हणजे देवळात गेल्यासारखं, नीटनेटकं जायचं. बूट मीच पुसून दिले. साहेबाच्या गुळगुळीत फरशीवर हे ताठ चालत गेले. मी दाराशी उभी होते.

साहेबाने मोजा काढायला लावला आणि ठिपके बघून हसला. "अरे, जनूचा पाय बघितलास का? त्याला म्हणतात ऑपरेशन. तुझं तर काहीच नाही. आणि चालतोस तर किती छान!"

घोटा वाकत नाही हे दाखवायला हे खाली वाकले, तोवर साहेबाने फोन उचलला होता. डॉक्टरचा कागद त्याने उघडलासुद्धा नाही.

सोमवारपासून पुन्हा शिडी. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते काही खोटं नाही. त्या साहेबाच्या घोट्याला फळी बांधून त्याला एकदा तरी त्या टाकीवर चढवावं, असं मला रोज वाटायचं. पावसाळ्यात दांडे निसरडे झाले आणि हे वरून आले ते डाव्या पायावर. चांगल्या पायावर.

तोही सांधा गेला. कंपनी म्हणाली, ऑपरेशन होऊ द्या, मग पाय बघून काम ठरवू. आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरसमोर बसलो.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाला. "हाही दुर्बिणीतूनच करू. तुमचा पहिला पाय इतका सुरेख जुळलाय, मी दुसऱ्या डॉक्टरांना त्याचा एक्स-रे दाखवतो."

साहेबापुढे लंगडायला तयार नसलेल्या माझ्या माणसाने मान हलवली.

"नको, डॉक्टर. हा फाडून करा. जनूचा केलाय तसा."

डॉक्टरला वाटलं, ह्यांना कळलंच नाही. त्याने पुन्हा सगळं सांगितलं. जखम मोठी होईल, पू व्हायची भीती, दुखेल जास्त. "आणि आत दोन्हीत सारखंच होतं हो!"

"आतलं कोन बघतो?" हे म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळला. बाई तरी शहाणी असेल, असं त्याला वाटलं असावं.

"ते सांगतात तसंच करा," मी म्हटलं. "आणि वण खाली पावलापर्यंत येऊ द्या. पँट वर न करता दिसला पाहिजे."