दम न लागणारा रस्ता

अप्पांच्या नाकातली नळी सात मीटर लांब होती. खाटेशेजारच्या ऑक्सिजनच्या यंत्रातून ती निघायची आणि न्हाणीघराच्या दारापर्यंत जेमतेम पोचायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघायचं म्हटलं, तर हातभर कमी पडायची. चाळीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादमी केलेला, उन्हातान्हात मैलच्या मैल तुडवलेला माणूस, आणि त्याचं जग आता नळी पुरेल तेवढं! डांबराच्या धुरानं आणि खडीच्या धुळीनं छातीचा पार चोथा करून टाकला होता. डॉक्टर म्हणाले होते, दम लागेल असं काही करू नका. "मग काय करू तेवढं सांगा," असं अप्पांनी विचारल्यावर डॉक्टरांनी चष्मा पुसला होता.

उत्तर लेकीनं आणलं. ती व्हिडिओ गेम करणाऱ्या कंपनीत तपासनीस होती. एका रविवारी तिनं खेळाचं यंत्र टीव्हीला जोडलं, कंट्रोलर बापाच्या हातात दिला आणि कोणतं बटण कशाचं ते दाखवलं. तिच्याच कंपनीचा खेळ होता. भलामोठा मुलूख, त्यात डोंगर, नद्या, गावं. एका राणीला दुष्टांनी किल्ल्यात डांबलेलं, आणि आपण तिला सोडवायचं. पण सोडवलंच पाहिजे अशी सक्ती नाही, वाटेल तिकडे भटकता येतं. अप्पांनी नेमकं तेवढंच ध्यानात ठेवलं.

"राणीचं काय?" लेकीनं महिन्याभरानं विचारलं.

"राहू दे तिला. किल्ल्यात आहे, वेळेवर खायला मिळतंय. माझ्यापेक्षा बरी आहे."

खेळात चुकांना तोटा नव्हता. घोडा मध्येच कौलांवर चढून बसे आणि काही केल्या उतरत नसे. गिरणीवाल्याला शंभरदा भेटा, तो शंभरदा म्हणे, "आज वारा पडला आहे." एका पुलाखाली तर नदी चक्क चढावर वाहत होती. अप्पांचा खरा राग मात्र रस्त्यांवर होता. "मधे उंचवटा नाही, कडेला चर नाही. पाणी जाणार कुठून? पहिल्या पावसात वाहून जाईल."

"अप्पा, तिथे पाऊस नुसता दिसतो. भिजवत नाही."

"मग बरोबर आहे. आमच्या साहेबांनीच आखलेला दिसतोय."

अशी नावं ठेवत ठेवत अप्पा सकाळ-संध्याकाळ त्या मुलखात हिंडत. नावं माणूस कुणाला ठेवतो? जे आपलं वाटतं त्यालाच. टेकडीआड काय आहे ते बघून येऊ, म्हणून निघायचे आणि चार टेकड्या पालथ्या घालायचे. जेवताना लेकीला सांगायचे, आज अमुक ठिकाणी झरा लागला. झरा कुठे आहे, त्याच्यामागे किती दगड आहेत आणि त्यातल्या कुठल्या दगडात पाय अडकतो, हे लेकीला तोंडपाठ असायचं. पण ती म्हणायची, "हो का?"

तिचं कामच तसलं होतं. नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक तपासनीसाला वाटून दिलेले. आपल्या चौकोनातल्या एकूण एक भिंतीला, खडकाला, झाडाला खेळातला माणूस चारी बाजूंनी घासत न्यायचा, उडी मारायची, वाकायचं, परत घासायचं. कुठे आरपार गेला, की ते भोक नोंदवायचं. याला ऑफिसात 'भिंत घासणं' म्हणत, आणि तिला म्हणत 'घूस'. नऊ वर्षांत तिच्या तावडीतून एकही भोक सुटलं नव्हतं. नऊ वर्षांत ती त्या मुलखात एकदाही नुसती फिरली नव्हती, हेही तितकंच खरं.

त्या बुधवारी ती घरी आली तेव्हा अप्पांचा चेहरा फुलला होता. बऱ्याच दिवसांनी तिनं तो तसा बघितला.

"बस. चहा नंतर कर. तुला एक जागा दाखवतो. चार दिवस झाले, बाहेर आलोच नाही."

पडद्यावर एक दरी होती. अर्धवट सोडलेली. गवत नाही, झाड नाही, पाखरू नाही, राखाडी जमीन दूरवर पसरलेली. आणि तिच्यामधून एक रस्ता गेला होता. सरळ, सपाट, एकही खड्डा नसलेला. कुणीतरी कारागिरानं कधीतरी हात बसवायला केला असावा आणि मग झाकून टाकायचा विसरला असावा.

"गिरणीमागे दोन खडक आहेत ना, त्यांच्या फटीत अंग चोरून उडी मारली की खाली पडतो. पण गंमत ती नाही. हे बघ."

अप्पांनी माणसाला पळवलं. खेळात पळताना पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी असते, ती दमाची. ती संपली की माणूस गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकतो. म्हणून अप्पा त्याला कधीच पळवत नसत, सावकाश चालवत. पण इथे माणूस पळत होता, पळतच होता, आणि पट्टी तसूभरही हलत नव्हती. खेळाचे नियम त्या दरीपर्यंत कुणी पोचवलेच नव्हते.

"इथे दम लागत नाही गं," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

लेकीनं जागा लगेच ओळखली. कारण ते भोक तिनं सोमवारीच नोंदवलं होतं. दुसऱ्याच्या चौकोनातली एका बाईची तक्रार तिच्याकडे आली होती: खडकातून खाली पडले, आठवडा झाला, वर यायला वाट नाही, चार महिन्यांचा खेळ अडकलाय. लेकीनं तीन तास घासून ती फट शोधली आणि नोंदीला लाल रंग दिला. लाल म्हणजे खेळाच्या येत्या बदलात बुजवायचंच. बदल पुढच्या मंगळवारी सकाळी होणार होता. खेळ नेटवर चालायचा, नवा आला की जुना उघडत नसे. म्हणजे मंगळवारी अप्पांची दरी जाणार होती, आणि अप्पांना ते सांगायला तिची जीभ रेटेना.

गुरुवारी ती प्रोग्रॅमरकडे गेली. बरीच वर्षं शेजारी बसणारा, मनानं चांगला माणूस.

"ती गिरणीमागची फट राहू दिली तर?"

"डोकं ठिकाणावर आहे ना? दोनशेवर लोक आत आहेत. मंगळवारी सगळ्यांना उचलून वेशीपाशी ठेवतोय, जिथून खेळ सुरू होतो तिथे. आणि लाल रंग कुणी दिलाय? तूच ना?"

तो खोटं बोलत नव्हता. पण रंग तपासनीसाच्या हातात असतो, शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत बदलता येतो. शुक्रवारी सगळे चहाला गेले आणि लेकीनं लालचा पिवळा केला. पिवळा म्हणजे सवडीनं बघू, म्हणजे कधीच नाही. कारण लिहायच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'फारसा त्रास नाही.' नऊ वर्षांतली ती पहिली खोटी नोंद.

शनिवारी सकाळी तिनं अप्पांना सांगून टाकलं. त्यांना बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. लहान मुलांना वाटतं तसंच. अप्पांनी खेळ थांबवला, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि विचारलं, "आत आणखी किती माणसं पडली आहेत?"

"दोनशे चाळीस. पण खेळच आहे अप्पा, कुणाचं हाडबीड मोडत नाही."

अप्पांनी नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाले, "तू झालीस त्या दिवशी आम्ही पाणी जायच्या मोरीसाठी रस्ता आडवा खणला होता. संध्याकाळी निरोप आला, तुझी आई अडली आहे. चरावर फळ्या टाकायच्या, कठडा बांधायचा, तासाभराचं काम होतं. माणसं घरी गेलेली. मी चार दगड लावले आणि धावत सुटलो. म्हटलं, एक रात्र आहे, काय होतंय." त्यांना थांबावं लागलं. नळीतली हवा दोनदा ओढून ते पुढे बोलले. "पोस्टमन सायकलवरून घरी चालला होता. गुडघा गेला त्याचा. पुढे त्याला टपाल वाटता आलं नाही, खिडकीमागे शिक्के मारत बसला. मी त्याला कधी तोंड दाखवलं नाही. तुझ्या आईलाही बोललो नाही."

अठ्ठेचाळीस वर्षं घरात सगळे तिच्या जन्माला वाटलेल्या पेढ्यांच्या गोष्टी सांगत होते, ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

"तुम्ही आमच्यासाठी पळालात, अप्पा."

"हो. परत तशी वेळ आली तर परत पळेन. पण चर उघडाच होता. आपल्या माणसासाठी ठेवला म्हणून तो कमी खोल होत नाही. लाव जा लाल."

"मुदत काल संपली."

"मग पाय धर कुणाचे तरी. मला काय सांगतेस?"

ही अप्पांची मुकादमी. तिनं प्रोग्रॅमरला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं, खोट्या नोंदीसकट. पलीकडे एक लांब सुस्कारा. "घूस, तूसुद्धा?" तो म्हणाला. मग म्हणाला, "घालतो मंगळवारच्या यादीत. साहेबांना मात्र तूच सांग." तिनं साहेबांनाही सांगितलं. त्यांनी सोमवारी तिला लेखी ताकीद दिली, आणि ती तिला वाजवीच वाटली.

मधला रविवार अप्पांचा होता. त्यांना रस्त्याचं टोक बघायचं होतं. दुपारी जेवण करून दोघं बसली. अप्पा पळवत होते, लेक नुसती शेजारी. अंगठा दुखला की अप्पा हात बदलत, पण थांबत नसत. तास उलटला. राखाडी जमीन, वर राखाडी आभाळ, मधे तो रस्ता. बघणाऱ्याला कंटाळा यावा असं सगळं, आणि अप्पांच्या चेहऱ्यावर असं सुख, की लेकीला तिकडे बघवेना. अप्पांचं जुनं घर, अप्पांची बायको, अप्पांचे मित्र, सगळे एकेक करून गेले तेव्हा ती सावरून उभी राहिली होती. आज तिला पदर खोचून कुणाशी तरी भांडावंसं वाटत होतं, कुणाशी ते कळत नव्हतं.

रस्त्याला टोक होतं. एका जागी जमीन सुरीनं कापल्यासारखी संपली आणि खाली काहीच नव्हतं, नुसता पांढरा रंग. अप्पांनी माणसाला कडेला उभं केलं.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "ज्यानं कुणी केलंय त्यानं शेवटपर्यंत पातळी सोडलेली नाही. त्याला सांग."

"सांगते."

"आणि मला इथेच राहावंसं वाटत होतं, हे कुणाला सांगू नकोस." हे बोलताना ते रडत होते आणि त्यांनी डोळे पुसले नाहीत.

मंगळवारी तिनं अर्धा दिवस रजा टाकली. खेळ उघडला तेव्हा अप्पांचा माणूस वेशीपाशी उभा होता, पहिल्या दिवशी होता तसा. अप्पांनी दोनदा हलवून बघितला. पावलं टाकली. पण रविवारची ती धाव त्यांना भोवली होती, बोटांत जोर उरला नव्हता. बसल्या बसल्या त्यांना धाप लागली. ओठ निळसर झाले. लेकीनं ऑक्सिजनचा काटा वाढवला, पाठीमागे उशी सरकवली. धाप ओसरायला बराच वेळ गेला. आता हे रोजच असं असणार, हे दोघांनाही कळलं.

अप्पांनी कंट्रोलर तिच्या हातात दिला.

"तू चालव."

"कुठे नेऊ?"

"उजवीकडची वाट मी कधी घेतली नाही. तिकडे काय आहे?"

तिकडे काय आहे, ते तिला दगड न् दगड ठाऊक होतं. खिंड, खिंडीपलीकडे तळं, तळ्याकाठी पडकी पाणचक्की. तिनं तोंड उघडलं.

"सांगू नकोस," अप्पा म्हणाले. त्यांनी डोळे अर्धे मिटले होते. "नुसती चाल. आणि माझा डोळा लागला तर थांबू नकोस. पुढे काय लागलं ते मागाहून सांग."

"हो," ती म्हणाली. तिनं माणसाला उजवीकडे वळवलं आणि अप्पांचा श्वास ऐकत, रस्त्याच्या मधोमध, सावकाश चालवत नेलं.