गप्प बसायचं ठरलं होतं

वाळूजच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांचं मिळून एक केंद्र आहे आणि त्याची महिन्याला एक शिक्षण परिषद भरते. शिक्षकांनी एकत्र बसावं, कुणाचं कुठं अडतं ते मोकळेपणानं सांगावं आणि एकमेकांकडून शिकावं, असं परिपत्रकात म्हटलेलं आहे. परिपत्रकात बरंच काही म्हटलेलं असतं. इकडं गेली कित्येक वर्षं परिषद म्हणजे मेघा शेजूळ मॅडम, एवढा सरळ हिशोब होता.

मॅडम उभ्या राहिल्या की सभा उभी राहायची. कडक इस्त्रीची साडी, हातात माइक, दर चार वाक्यांनी एक चारोळी आणि मधूनच नवऱ्यावर एखादा विनोद. मंडळी हसून हसून बेजार व्हायची. शेवटी मॅडम विचारायच्या, "कुणाला काही शंका?" तोवर पलीकडून पुऱ्या तळल्याचा वास यायला लागलेला असायचा, त्यामुळे शंका कुणालाच नसायची. मग टाळ्या, शाल, श्रीफळ. मॅडमकडं इतक्या शाली जमल्या होत्या की गावाकडच्या सासूबाई आता शालीच्या गोधड्या शिवत होत्या.

आणि अशात रूपा साळवे बदली होऊन आली.

रूपा आधी देवगाव रंगारीकडं होती. राहायला शहरातल्या छावणी भागात, येणं-जाणं स्कूटीवर, आवाज असा की मागच्या रांगेला ऐकू जाऊ नये. मेघा मॅडमनी तिच्याकडं पहिल्यांदा पाहिलं आणि विसरूनही गेल्या. पण पावसाळ्यात मॅडम तापानं पडल्या आणि केंद्रप्रमुख नानासाहेबांनी त्या महिन्याची परिषद रूपावर सोपवली. बऱ्या होऊन आल्यावर मॅडमनी शेजारच्या शाळेच्या आशाबाईंना सहज विचारलं, "कशी झाली हो परवाची?" सहज म्हणजे, उत्तर आधीच ठरवून.

"काय सांगू मॅडम! तिनं आम्हाला गोल बसवलं अन् एकच प्रश्न विचारला. मग आम्हीच बोलत बसलो. जेवायचं भान नाय राहिलं. पुऱ्या गार झाल्या पार!"

आशाबाई भोळ्या मनानं बोलल्या, पण ते मॅडमच्या जिव्हारी लागलं. आपल्या परिषदेत पुऱ्या कधीच गार झालेल्या नाहीत, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. त्या दिवसापासून रूपाचं नाव निघालं की त्यांच्या पोटात दुखायला लागलं. कुणी म्हणालं, रूपा मॅडम किती शांत आहेत, तर या म्हणायच्या, "शांत नाय, तिला बोलताच येत नाय." तिची स्कूटी फाटकातून आत आली की यांच्या कपाळावर आठी चढे. आपण जळतोय हे त्यांना कळत होतं. कळून जळणं थांबलं असतं तर काय हवं होतं!

दिवाळीनंतर नानासाहेबांनी जाहीर केलं की तालुक्याच्या परिषदा चालवायला प्रत्येक केंद्रातून एकच माणूस घेणार आहेत. "आपल्याकडं दोन नावं आहेत. मेघा मॅडम आणि रूपा मॅडम. यावेळची परिषद रूपा मॅडम घेतील. ती बघतो आणि नाव कळवून टाकतो."

मेघा मॅडम घरी गेल्या त्या फोन घेऊनच बसल्या. केंद्रातल्या निम्म्या लोकांचे बदलीचे ऑनलाइन अर्ज त्यांनीच भरून दिले होते, उरलेल्यांच्या घरच्या लग्नांत त्यांनी सूत्रसंचालन केलं होतं. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकेकाला त्यांनी मधाळ आवाजात सांगितलं, "नवीन माणूस आहे, जरा जोखू तरी. तिनं प्रश्न विचारला की कुणी तोंड उघडायचं नाय. बघू तिच्यात किती दम आहे ते."

परिषदेच्या दिवशी रूपानं पुन्हा सतरंजीवर सगळ्यांना गोल बसवलं. मेघा मॅडमना गोलात बसायची सवय नव्हती. गोलात पुढची जागा कुठली, हेच कळत नाही. नानासाहेब दाराजवळ खुर्ची टाकून बसले. रूपानं विचारलं, "आपल्या वर्गातलं असं एखादं मूल, ज्याच्यापुढं आपण हात टेकलेत. कोण सांगतंय?" आणि ती खाली बसली.

कुणी बोललं नाही.

पंखा घरघरत होता. बाहेरच्या रस्त्यावरून कंपनीची शिफ्टची बस गेली. आशाबाई पदराशी खेळत होत्या. संघपाल सर छताकडं बघत होते. हे संघपाल सर केंद्रात सर्वांत जुने, पण त्यांचा आवाज मॅडमना हजेरीपुरताच ठाऊक होता. मॅडमना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बस आता, म्हणावं, गोल करून!

शांतता लांबत गेली. रूपा मान खाली घालून आपल्या तळहातांकडं बघत बसली होती. ना दुसरा प्रश्न, ना आग्रह. आणि हळूहळू मेघा मॅडमच अस्वस्थ व्हायला लागल्या. त्यांना शांतता सोसतच नाही. कुणाच्या मयतीला गेल्या तरी घरच्यांच्या आधी याच बोलायला लागतात. भरल्या सभेत कुणी बोलत नाही म्हणजे त्यांच्या लेखी गॅसवर दूध उतू चाललंय आणि सगळे नुसते बघत बसलेत. त्यातून तो प्रश्न. दुसरं काही ऐकायला नव्हतं, म्हणून तो त्यांच्या डोक्यात पुन्हा पुन्हा वाजत राहिला.

त्यांनी तोंड उघडलं ते एखादी चारोळी टाकून सभा आपल्याकडं ओढायला. बाहेर पडलं ते भलतंच.

"माझ्या वर्गात श्रेया म्हणून एक पोरगी आहे," त्या म्हणाल्या. "अक्षर इतकं सुंदर की तिची वही मी पाहुण्यांना दाखवते. तिसरीत आहे. अन् तिला वाचता येत नाय."

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. आता थांबता येईना.

"फळ्यावरचं हुबेहूब उतरवते. धडा घडाघडा म्हणते. मला वाटायचं, वाचते. एक दिवस बघितलं तर पान भलतंच उघडलेलं अन् ही आपली पाठ म्हणत होती. मी कुणाला सांगितलं नाय. काय करावं तेच मला कळत नाय."

माइक नव्हता, त्यामुळे मॅडमचा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला.

"माझ्याकडं पण आहे हो असा एक," आशाबाई एकदम म्हणाल्या. ठरलेलं त्या साफ विसरल्या. "मला वाटलं, माझंच चुकतंय."

मग छताकडं बघणारे संघपाल सर खाली आले. "मॅडम, धडा बाजूला ठेवा. तिच्या घरचं काहीतरी तिलाच बोलू द्या. ते वाक्य लिहा, शब्द कापा अन् उलटेसुलटे मांडा. पाठ म्हणायला जागाच राहत नाय. मी हे लई वर्षांपासून करतो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"कुणी विचारलं नाय," संघपाल सर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

त्यानंतर कुणीच थांबेना. पुऱ्या गार झाल्या, भाजीवरचा तवंग थिजला. शेवटी नानासाहेब उठले आणि म्हणाले, "मंडळी, नाव ठरलं. रूपा मॅडम. अहो, मेघा मॅडमसारख्या माणसाला जिनं मनातलं बोलायला लावलं, तिला तालुका काय अवघड आहे!" टाळ्या पडल्या. मेघा मॅडमनीही वाजवल्या. हात वाजत होते आणि आतून नुसता जाळ उठला होता.

निघताना रूपा मागून पळत आली. तिचे डोळे भरले होते. "मॅडम, तुम्ही आज मला वाचवलं. मागच्या वेळी सगळे आपणहून बोलले होते. आज कुणी बोलेचना. पुढं काय विचारायचं ते सगळं विसरून गेले मी. हात कापत होते, म्हणून खाली बघत बसले. मी उठून सांगणारच होते, की मेघा मॅडम, तुम्हीच घ्या परिषद, मला नाय जमत. तेवढ्यात तुम्ही बोललात. मी घाबरलेली दिसले म्हणूनच ना?"

मेघा मॅडमनी मनात हिशोब केला. म्हणजे अजून जरा वेळ तोंड आवरलं असतं, तर सगळं आपोआप हातात येणार होतं. सगळ्या केंद्राला गप्प बसवलं आणि आपल्यालाच तेवढं गप्प बसता आलं नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी श्रेयाला जवळ बसवलं. घरचं काहीतरी सांग म्हटल्यावर ती म्हणाली, "पप्पा रात्री बसनं कंपनीत जातात." मॅडमनी ते लिहिलं, शब्द कापले, मिसळले. श्रेया बराच वेळ कागदांकडं बघत राहिली. मॅडमच्या जिभेवर शब्द आला होता. तो त्यांनी कसाबसा गिळला आणि ओठ दाबून धरले.

"रात्री," श्रेयानं एका कागदावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. "बसनं." मग अगदी हळू, "पप्पा."

मॅडमना गलबलून आलं. मधल्या सुट्टीत त्यांनी फोन काढला आणि आपण कुणाचा नंबर लावतोय हे बघून स्वतःवरच चिडल्या. तरी लावला.

"बोला मॅडम," रूपा म्हणाली.

इतकी वर्षं माइक गाजवणाऱ्या बाईला शब्द सापडेना. पलीकडं रूपा काहीच बोलली नाही. वाट बघत राहिली.

"वाचलं तिनं," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पण ऐक रूपा, पुढच्या परिषदेत हे मी सांगणार. मधे बोलायचं नाय."

"नाय बोलणार मॅडम."

आणि ती खरोखरच बोलणार नाही, हे मेघा मॅडमना ठाऊक होतं. त्यांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.