दोन बोटं अंतर

मी एक जुना ओळंबा आहे, मित्रांनो. दोरीला पितळी लोलक आणि वर लाकडी गुटका, एवढाच माझा संसार. गुटका भिंतीच्या माथ्याला टेकवून मला खाली सोडलं, की भिंत सरळ आहे की कलती, ते मी सांगतो. लबाडी मला जमत नाही.

माझा मिस्त्री हाताचा मोठा हुशार. "माझ्या डोळ्यातच ओळंबा आहे," म्हणायचा. मग मला कशाला बाळगलंस, बाबा? भिंत झाली की तो मला दारापाशी सोडायचा, जिथे काम हमखास चांगलं झालेलं असे. वर विचारायचा, "सरळ आहे ना?" नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्या दिवशी शाळेची उंच भिंत नुकतीच रचून झाली होती. जेवणानंतर तिच्यावर दगडी फरशा चढवायच्या होत्या. पलीकडे, भिंतीच्या पायाशी, मिस्त्रीची लेक घमेल्यात माल कालवत होती.

मिस्त्रीची बायकोही गवंडीकाम करायची. ती म्हणाली, "अहो, लेक बसलीय त्या बाजूने एकदा सोडा ना."

"तीस वर्षं काय गवत उपटलं मी?"

तिने मला उचललं आणि पलीकडे सोडलं. खाली माझ्यात नि भिंतीत दोन बोटं अंतर! भिंत लेकीच्या अंगावर कलली होती.

"वाऱ्याने हलतोय तो," मिस्त्री म्हणाला.

तिने पदराचा आडोसा केला. मी जागचा हललो नाही.

"दोरी झिजलीय."

तिने दोरी बदलली. अंतर तेवढंच. अरे देवा, किती सबबी! मला ओरडता आलं असतं तर!

"बरं," ती म्हणाली, "घटकाभर धरून चाला, भिंत वाकडीच आहे. मग पोरीला तिथे बसू द्याल?"

मिस्त्रीचा चेहरा खर्रकन उतरला.

"पोरी, ऊठ! आधी इकडे ये!"

ती धावत आली. मिस्त्रीने बांबूने वरचा थर नुसता ढोसला, तोच निम्मी भिंत धाडकन पलीकडे कोसळली. लेकीचं घमेलं ढिगाऱ्याखाली चेपून चपटं झालं.

तेव्हापासून त्याने "सरळ आहे ना?" विचारणं सोडलं. "वाकडी कुठे आहे ते दाखवा," म्हणायचा.

आता भिंत तपासायला लाल किरणाचं यंत्र आलंय. मी पेटीत काळा पडतोय. खुशाल यंत्र वापरा, मित्रांनो. पण जिथे मोजायला मन कचरतं, तिथे आधी मोजा. माझ्याशेजारी एक चपटं घमेलं आहे. मिस्त्रीने ते कुणाला फेकू दिलेलं नाही.